सातशे रुपयांचा स्पेक्ट्रम, नऊ महिन्यांनंतर

‘दिवा लागत नाही साहेब, बंद आहे. सातशे द्या आणि घेऊन जा.’

पुण्याच्या जुन्या बाजारात, बिनझाकणाचा मिक्सर आणि गंजलेले पाने यांच्या मधोमध सिंक्लेअर या इंग्लिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक पडला होता. सोबत त्याचं मूळ अ‍ॅडॉप्टर. त्याचा इंग्लंडातला चौकोनी पिनांचा प्लग कुणीतरी कापून टाकला होता आणि उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचून विक्रेत्याने माझ्यासमोर तपासणी करून दाखवली. दिवा लागला नाही. लागणार कुठून? स्पेक्ट्रम प्लसला दिवा दिलेलाच नाही. डाव्या कडेला रीसेटचं बटण आहे, बस. टीव्ही जोडल्याशिवाय हे यंत्र जिवंत आहे की मेलेलं, हे बाहेरून कळत नाही. मला ते माहीत होतं, त्याला नव्हतं. मी तोंड पाडून सहाशे म्हणालो, तो सातशेवरून हलला नाही, आणि मी पैसे दिले.

याला नऊ महिने झाले. या काळात तो स्पेक्ट्रम चालला, मी स्वतः जाळला, पुन्हा चालू झाला. शिवाय सेगा मेगा ड्राइव्ह हे एक गेमयंत्र विकून झालं आणि एका शाळेतला बीबीसी मायक्रो, हाही जुना संगणकच, हातचा गेला. जुनी यंत्रं घ्यायचा किंवा विकायचा विचार असेल त्यांनी वाचावं. नसेल त्यांनीही वाचायला हरकत नाही, तेवढीच माझ्या मूर्खपणाची करमणूक.

आधी यंत्राबद्दल. मूळ स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये आला, रबरी कळांचा. प्लस हा त्याचाच १९८४ चा अवतार: आत तोच ४८ के (किलोबाइट) मेमरीचा बोर्ड, वर कडक प्लॅस्टिकच्या कळा. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने तो बनवला होता, त्यामुळे भारतात दोन्ही सापडतात. सुरू झाल्यावर पडद्यावर तळाशी ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ अशी ओळ येते. ते वर्ष आतल्या रॉमचं, म्हणजे कायमचा प्रोग्रॅम कोरलेल्या चिपचं आहे, यंत्राचं नाही. जाहिरातींमध्ये याच ओळीचा फोटो लावून ‘१९८२ चं दुर्मिळ मॉडेल’ म्हणून दुप्पट भाव सांगणारे मला आतापर्यंत तीन भेटले. त्यातला एक तर प्लसच विकत होता.

घरी आणून साधा दोन पिनांचा प्लग बसवला आणि टीव्हीला लावला. आमच्या एलईडी टीव्हीत अजून अ‍ॅनालॉग ट्यूनर आहे. स्पेक्ट्रमचा सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर येतो, शोध लावला तर सापडतो. चित्र आलं, मुंग्यांसह. पण कळा चालेनात. बरोबर अर्ध्या कळा मुक्या. हा वयाचा आजार आहे. कळांखाली प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांचा थर असतो, त्याच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, आणि त्या चाळीस वर्षांत सुकलेल्या पिंपळपानासारख्या ठिसूळ होतात. वाकवली की चीर. माझी पट्टी बहुधा मीच उघडताना मोडली. नवा थर आजही कुणी ना कुणी बनवतं ही आनंदाची गोष्ट. दुःखाची गोष्ट अशी की प्लसचा थर रबरी मॉडेलपेक्षा गुंतागुंतीचा, म्हणून महाग. परदेशातून मागवला तेव्हा टपालखर्च, ड्युटी आणि कुरियरवाल्याचा ‘हाताळणी आकार’ मिळून तो मला जवळपास २,९०० ला पडला. म्हणजे यंत्राच्या चौपट. घासाघीस करून वाचवायचे शंभर रुपये वाचले नव्हतेच, ते बरंच झालं म्हणायचं.

चित्रातल्या मुंग्या घालवण्यासाठी मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे टीव्हीचा सिग्नल बनवणाऱ्या डबीत, दोन ठिकाणी सोल्डरचा डाग द्यावा लागतो. मग त्याच सॉकेटातून कॉम्पोझिट व्हिडिओ मिळतो आणि टीव्हीच्या पिवळ्या पिनेत जातो. संग्राहक मंडळी यावर नाक मुरडतात, ‘मूळ स्थिती’ गेली म्हणतात. मी वापरायला घेतलंय, काचेच्या कपाटात ठेवायला नाही. पण पुढेमागे विकायचं असेल तर काढलेली तार, भाग, जे काही असेल ते पाकिटात घालून यंत्रासोबत ठेवा.

कॅसेट प्लेअर घरात उरलेला नाही, म्हणून प्रोग्रॅम मोबाइलमधून भरतो. हेडफोनचं भोक असलेला जुना फोन, मोनो केबल, आवाज जवळजवळ पूर्ण. ‘जे’ दाबलं की अख्खा लोड हा शब्द उमटतो, पुढे अवतरणचिन्ह दोनदा, एंटर. मग पडद्याच्या कडेने निळ्या-पिवळ्या रेघा धावू लागतात. सेकंदाला सुमारे दीड हजार बिट हा वेग, म्हणजे मोठा खेळ भरायला चार-पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात साडेतीन मिनिटांवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज पाणी उशिरा येईल’ असा संदेश आला, फोन टिंग वाजला आणि टेप लोडिंग एरर. तेव्हापासून फोन विमान मोडवर टाकूनच बसतो. पाणी यायचं तेव्हा येतं.

मुलगी बारा वर्षांची. खेळ तिला दहा मिनिटांत कंटाळवाणे झाले. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात फक्त दोनच रंग मावतात, त्यामुळे माणूस झाडासमोरून गेला की झाडाचा रंग माणसाला लागतो, हे बघून मात्र ती खूप हसली. पण तिला बेसिक ही यंत्रातली प्रोग्रॅमिंगची भाषा आवडली. चालू केल्याच्या क्षणी यंत्र आज्ञेची वाट बघत बसतं, पासवर्ड नाही, अपडेट नाही. तिने आजोबांना विचारून सवायकी, दिडकी, औटकी छापणारा प्रोग्रॅम लिहिला. साडेतीनचा पाढा असतो हे तिला तेव्हाच कळलं. आजोबांनी पडद्याकडे न बघता औटकी म्हणून दाखवली आणि यंत्राचा आकडा बरोबर आहे असा निर्वाळा दिला.

आता जाळण्याची कथा. डिसेंबरात एका संध्याकाळी वीज गेली, आली, आणि टेबलाखाली हात घालून मी चाचपत एक काळं अ‍ॅडॉप्टर उचललं. ते वायफायच्या राउटरचं होतं. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लागतात, आणि त्याच्या पिनेत मध्यभागी ऋण असतं, बाहेर धन. आजची बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमकी उलटी, मध्यभागी धन, आणि राउटरचं तर १२ व्होल्टचं. पिन मात्र बरोबर बसते! एक बारीक चट् आवाज, तो ओळखीचा वास, आणि पडद्यावर उभे पट्टे.

हे अ‍ॅडॉप्टरचं प्रकरण या छंदातलं सगळ्यात महाग प्रकरण आहे, म्हणून जरा थांबतो. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मध्यभागी ऋण लागतं, दुसऱ्या मॉडेलला मध्यभागी धन. नाव तेच, कंपनी तीच. अमेरिका-युरोपातल्या निन्टेन्डो एनईएस या गेमयंत्राच्या अ‍ॅडॉप्टरमधून एसी येतो, त्याच्याच जपानी आवृत्तीला, फॅमिकॉमला, डीसी लागतो. कमोडोर ६४ या संगणकाची तर उलटी तऱ्हा: तिथे मूळ अ‍ॅडॉप्टरच शत्रू. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा होऊन गेला की जास्त व्होल्टेज सोडतो आणि रॅम मारतो. तेव्हा यंत्र घेताना ‘अ‍ॅडॉप्टर कुठलंही चालतं’ असं विक्रेता म्हणाला, तर त्याने ‘कुठलंही’ लावून पाहिलेलं असू शकतं. खिशात मल्टीमीटर ठेवा. मी आता प्रत्येक अ‍ॅडॉप्टरला नेलपॉलिशने खूण केली आहे. स्पेक्ट्रमची लाल. बायकोची बाटली संपली, नवी आणून दिली.

दुरुस्तीला पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीतल्या एका काकांकडे नेला. ऐंशीच्या दशकात टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी बोर्ड उजेडात धरला, भिंगातून पाहिला आणि विचारलं, ‘उलटी दिलीस ना?’ स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केसाठी ४११६ जातीच्या आठ रॅम चिप असतात, आणि त्यांना ५ व्होल्ट पुरत नाही: १२ हवं, उणे ५ सुद्धा हवं. ते बनवणारं छोटं सर्किट बोर्डावरच आहे. त्यातला एक ट्रान्झिस्टर मेला, जाताना दोन रॅमना घेऊन गेला. ट्रान्झिस्टर काकांनी ड्रॉवरमधून काढला. रॅम शोधायला तीन आठवडे गेले, कारण बाजारात जुन्या चिपा घासून, वर नवा नंबर छापून विकतात. आलेल्या चारपैकी दोनच खऱ्या निघाल्या. काकांनी त्या सॉकेट बसवून लावल्या (‘परत जाळशील तेव्हा डाग काढायला नको’) आणि मजुरीचे साडेचारशे घेतले. मी सहाशे पुढे केले तर दीडशे परत दिले.

नंतर गेले चार महिने एकही तक्रार नाही. मागची बाजू तापते, तो स्वभाव आहे. तासाभराने बंद करतो.

आता विक्री. चुलतभावाच्या माळ्यावर दुसऱ्या मॉडेलचा मेगा ड्राइव्ह होता. १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेसमार्फत सेगा अधिकृतपणे भारतात आला होता, तेव्हा त्याच्या वडिलांनी घेतलेला. भावाने सांगितलं, वीक आणि निम्मे तू घे. ९,००० ची जाहिरात टाकली. पहिले वीस संदेश ‘लास्ट प्राइस?’ एवढेच. एकाने बदल्यात बंद पडलेली स्कूटर देऊ केली. एकाने आपण सैन्यात आहोत, यंत्र न बघताच घेतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील, असं सांगितलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ती फक्त द्यायला लागते. एवढं एक वाक्य घरातल्या मोठ्यांना पाठ करून ठेवा.

शेवटी नागपूरच्या एका गृहस्थांशी ६,५०० ला ठरलं. त्यांनी विचारलं, ‘चालू आहे का?’ आणि माझ्या लक्षात आलं की या शब्दाचे गेल्या काही महिन्यांत मला किती अर्थ भेटलेत. ‘चालू आहे’ म्हणजे दिवा लागतो. म्हणजे आवाज येतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी चालत होता. म्हणजे मी लावून पाहिलेला नाही, पण माझं मन सांगतं. म्हणून त्यांना मी एका दमात, न कापता व्हिडिओ काढून पाठवला: अ‍ॅडॉप्टरवरचा मजकूर, खेळाचं काडतूस (कार्ट्रिज) घालणं, पडदा, दोन्ही कंट्रोलरचं प्रत्येक बटण, वीस मिनिटं खेळून झाल्यावर पुन्हा पडदा. तो बघून त्यांनी एक पैसाही कमी करायला सांगितलं नाही. पण पाठवताना मी चुकलोच. जड अ‍ॅडॉप्टर यंत्राच्याच खोक्यात, फक्त कागदात गुंडाळून ठेवलं. पुणे ते नागपूर ते आत हातोडीसारखं आपटत गेलं आणि कंट्रोलरच्या सॉकेटजवळ कवचाला तडा. ५०० परत केले. अ‍ॅडॉप्टर वेगळ्या खोक्यात, आणि ते खोकं मोठ्या खोक्यात.

पिवळ्या काडतुसांच्या टीव्ही गेमबद्दल बरेचजण विचारतात. त्यातले बहुतेक फॅमिकॉमची नक्कल. लहानपण त्यांच्यावर गेलं हे खरं, पण उशिराच्या नकलांमध्ये सगळं यंत्र एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली असतं. तो बिघडला की दुरुस्ती नाही. ‘व्हिंटेज, रेअर’ लिहून चार हजार मागणाऱ्याला आतला फोटो मागा. ठिपका दिसला तर माझ्या लेखी चारशे.

बीबीसी मायक्रोची हळहळ अजून आहे. १९८४ च्या क्लास या शालेय संगणक-साक्षरतेच्या सरकारी योजनेत देशभरातल्या शाळांना ही यंत्रं मिळाली होती. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटावर एक दिसला. मुख्याध्यापक द्यायला तयार होते, फुकट. पण डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद आहे, निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंद काढून टाकण्याचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय हलवता येत नाही. तो मंजूर झाला की लिलाव, आणि लिलावात भंगारवाला वजनावर घेणार. मी एवढंच सांगून आलो की कुतूहल म्हणूनही चालू करू नका. त्याच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर वीज लागताच फुटतात आणि खोलीभर धूर होतो.

एकूण खर्च: यंत्र ७००, थर २,९००, प्लग-केबल ३५०, चार रॅम ८००, मजुरी ४५०. म्हणजे ५,२००. मागच्या महिन्यात एकाने १४,००० देऊ केले. मुलगी म्हणाली, औटकी त्यात आहे. (ती वहीतही आहे, पण मी वाद घातला नाही.)

गेल्या रविवारी पुन्हा जुन्या बाजारात गेलो. तोच विक्रेता, तीच ताडपत्री. त्याने ओळखलं.

‘लागला का दिवा?’

‘त्याला दिवाच नसतो. चालू आहे तो.’

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. ‘म्हणजे तेव्हाच माहीत होतं तुम्हाला.’

मी मान हलवली. त्याच्यासमोर एक जुनी अटारी पद्धतीची जॉयस्टिक पडली होती, वायर तुटलेली. किंमत विचारली.

‘तीनशे,’ तो म्हणाला. मी वर एक शब्द न बोलता तीनशे दिले.