टिबियातला स्क्रू: टायटॅनियम की विरघळणारा?

एसीएल, म्हणजे गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध, नव्याने बसवायचा आहे. त्यासाठी हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूच्या कंडरेचा) ग्राफ्ट तयार आहे, फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) बाजूला तो धरून ठेवणारं बटण बसलं आहे. आता टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) टनेलमध्ये, म्हणजे ग्राफ्टसाठी पाडलेल्या भोकात, स्क्रू कोणता, हा प्रश्न उरतो. पकडीवरून निवड करू नये, कारण ग्राफ्ट हाडाला धरेपर्यंतचे ८ ते १२ आठवडे दोन्ही स्क्रू व्यवस्थित काढतात. फरक जाणवतो तो बसवताना आणि मग काही वर्षांनी.

बसवायला टायटॅनियम सोपा, यात वाद नाही. तरुण खेळाडूच्या कडक हाडातही तो जातो, अडला तर थोडा जोर चालतो. फक्त आटे बोथट केलेला घ्यावा, नाहीतर ग्राफ्ट कापला जातो.

विरघळणारा, म्हणजे पॉलिमरचा स्क्रू पिळाला कच्चा असतो. तो तुटला की बहुतेक वेळा ड्रायव्हर टोकापर्यंत आत गेलेला नसतो आणि सगळा पीळ डोक्याजवळच्या दोन-चार आट्यांवर येतो. म्हणून ड्रायव्हर तळाला टेकल्याची खात्री करावी, टनेलच्या तोंडाशी खाच पाडावी आणि हाड कडक असेल तर आधी टॅप (हाडात आटे पाडायचं हत्यार) फिरवावा. गाइडवायर (स्क्रूला वाट दाखवणारी तार) ग्राफ्टला समांतर हवी. स्क्रू अर्धा गेल्यावर ती मागेपुढे सरकवून पाहावी. अडकली असेल तर स्क्रू तिरका चालला आहे, आणि १५ अंशांपलीकडे गेला की पकड घसरते. टनेल ८ मिमीचा असेल तर कडक हाडात ८चा आणि मऊ हाडात ९चा स्क्रू पुरतो.

हा स्क्रू ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) कधीही घालू नये. पीएलएलए (लॅक्टिक आम्लापासून बनणारं पॉलिमर) ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं, आणि वाफेतल्या पाण्याने पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. फॉइलचं पाकीट उघडलं की स्क्रू वापरायचा, नाहीतर टाकायचा. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीत पडून राहिलेलं पाकीट लेबलवरची तारीख शिल्लक असली तरी परत करावं.

‘विरघळणारा’ हा शब्द मात्र फसवा आहे, कारण त्यात वेगवेगळे पदार्थ येतात. १९८०च्या दशकात हेलसिंकीत घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी पीजीएच्या (ग्लायकोलिक आम्लापासून बनणाऱ्या पॉलिमरच्या) काड्या वापरल्या गेल्या. त्या झपाट्याने विरघळल्या आणि काही रुग्णांत जखमेतून निर्जंतुक द्राव वाहू लागला. शुद्ध पीएलएलए अगदी उलट वागतं: ५ वर्षांनंतरही टनेलमध्ये स्क्रूचा आकार दिसू शकतो. दोन्हींत पाणी आधी ताकद घालवतं, वजन बरंच नंतर. मधल्या काळात सुटणारं आम्ल स्क्रूच्या गाभ्यात साचतं आणि विघटन आणखी वाढवतं. कधी टनेल रुंदावतो, कधी टिबियापुढे पाण्याची गाठ येते. म्हणून पॉलिमरच घ्यायचा तर कॉम्पोझिट घ्यावा. त्यात वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखा कॅल्शियमचा क्षार असतो. तो आम्ल शमवतो आणि नव्या हाडाला आधार देतो. पण टनेल हाडाने पूर्ण भरून येईल, असं रुग्णाला सांगू नये.

आता माझा कौल जिथे ठरला ती गोष्ट. ग्राफ्ट पुन्हा तुटतो आणि जुना टायटॅनियम स्क्रू नेमका नव्या टनेलच्या वाटेत असतो. त्याच्या डोक्यावर हाड चढलेलं, खाचेत तंतू भरलेले. कुठल्या कंपनीचा ते रुग्णाला माहीत नसतं, जुनी फाइल मिळत नाही. षटकोनी ड्रायव्हर २.५ मिमीचा की ३.५चा, की कंपनीचा स्वतःचा वेगळाच आकार, हे टेबलावर कळतं. चुकीचा ड्रायव्हर एकदा फिरला की खाच गोल होते. मग ट्रिफाइनने (पोकळ गोल करवतीने) भोवतीचं हाड कापून स्क्रू काढावा लागतो. खड्डा एवढा मोठा पडतो, की आधी हाड भरायचं आणि काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करायची, अशी वेळ येते. पॉलिमरचा स्क्रू असेल तर गाइडवायर घालून नेहमीचा रीमर (टनेल कोरणारं हत्यार) सरळ त्याच्यातून नेता येतो. भुगा शेव्हरने (फिरत्या पात्याच्या शोषक नळीने) आणि भरपूर पाण्याने काढायचा, अर्धवट विरलेलं मऊ उरलं असेल तर क्युरेट (खरवडायचा चमचा) फिरवायचा. एमआरआयमध्ये धातूची सावली ग्राफ्टवर पडत नाही, हा वरचा फायदा.

टॅप हाताशी नसेल, हाड फार कडक असेल किंवा खर्च खरोखर परवडत नसेल, तर टायटॅनियम वापरण्यात काही गैर नाही. एरवी, विशेषतः पंचविशीच्या आतल्या खेळाडूत, जिथे ग्राफ्ट पुन्हा तुटण्याची शक्यता अधिक, माझा हात कॉम्पोझिटकडे जातो. कोणताही घातला तरी पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवावा आणि ड्रायव्हरचं माप शेजारी पेनाने लिहावं.