जुन्या ट्रकसाठी टू-के पीयू रंग: पत्र्यावर पास, फळ्यांवर नापास

साठच्या दशकातला टाटा-मर्सिडीज घरच्या घरी नव्याने उभा करायचा, तर रंगाच्या दुकानात तीन पर्याय समोर येतात: सिंथेटिक इनॅमल, एनसी (नायट्रोसेल्युलोज) आणि टू-के पीयू, म्हणजे बेस आणि त्याला कडक करणारा हार्डनर असे दोन भाग कालवून मारायचा पॉलियुरेथेन रंग. एनसी सोडूनच द्या. तो झटपट सुकतो, पण दमट हवेत पांढुरका पडतो आणि आपल्या उन्हात त्याची चमक टिकत नाही. खरा सवाल पीयू आणि सिंथेटिकचा. आमचं मत स्पष्ट आहे: पत्र्याला पीयू, लाकडाला सिंथेटिक. सबंध गाडी एकाच रंगाने रंगवायचा हट्ट धरू नका.

पत्र्यावर पीयूला पाचपैकी साडेचार. उन्हात सिंथेटिक लाल दोन-तीन उन्हाळ्यांत फिका पडून हाताला भुकटी लागते, चांगला पीयू तसा उतरत नाही. डिझेल सांडलं तरी पुसून निघतं. पण तो खालच्या कामातली चूक झाकत नाही, उलट उघडी पाडतो.

आधी जुना रंग ओळखा. चिंधी एनसी थिनरमध्ये भिजवून दोन मिनिटं दाबून धरा. रंग चिंधीला लागला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक. या दोन्हींवर थेट पीयू मारला की त्याचं थिनर खालचा थर फुगवतं आणि वरचा रंग सुरकुतून उठतो. म्हणून पत्र्यापर्यंत उतरवा. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका, वॉटर पेपरने पाणी लावून घासा आणि पत्रा लगेच पूर्ण सुकवा. गावात सर्रास मिळणारा साधा रेड ऑक्साईड प्रायमरही पीयूखाली नको. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या.

लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुटी, पॉलिएस्टरची घ्या, १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर. थंडीच्या सकाळी लवकर आवळावी म्हणून जास्त हार्डनर घातला, तर फिक्या रंगातून पुढे पिवळट डाग वर येतात. मग लांबी खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. लांबी १२० आणि १८० नंबरच्या पेपरने, प्रायमर ६०० च्या वॉटर पेपरने घासा.

केबिनचा बाहेरचा पत्रा, मडगार्ड आणि बोनेट मिळून सोळा-सतरा चौरस मीटर धरले, तर तीन हातांना ४ लिटर बेस, १ लिटर हार्डनर आणि पाऊण लिटर थिनर पुरतं. हे ४:१ च्या रंगाचं माप. काही रंग २:१ चे असतात, डब्यावर लिहिलेलंच खरं. एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त कालवू नका, गरमीत तो भांड्यातच घट्ट होतो. गनचं नोझल १.३ किंवा १.४ मिमी, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं.

आपल्याकडे मे महिन्यात हे काम काढूच नये. ४५ अंशांत फवारा पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात हार्डनर हवेतली ओल धरतो, रंगात बुडबुडे येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तेव्हाच पऱ्हाटीचा कापूस उडत असतो आणि तुरीच्या थ्रेशरचा भुसाही. खळं जवळ असेल तर थ्रेशर बंद असेल तो दिवस धरा, जमिनीवर पाणी शिंपडा. शेवटचा हात दुपारी एकच्या आत संपवा, नाहीतर रात्रीचं दव ओल्या रंगाची चमक मारतं. लाईनचा भरवसा नसेल तर रोज एकच भाग घ्या: आज बोनेट, उद्या दारं. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसरचा दाब पडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच.

तोंडाला दुपट्टा बांधून पीयू मारणं घातक आहे. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करू शकतं. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल, तर हे काम तो असलेल्या पेंटरकडे द्या. कोठ्यातली जनावरंही आधी बाहेर बांधा.

आता मागच्या हौद्याच्या लाकडी फळ्या. इथे पीयूला पाचपैकी एक. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. पीयूचा कडक थर सांध्यांवर तडकतो, पाणी आत मुरतं आणि फळी आतून कुजते. वूड प्रायमरवर सिंथेटिक इनॅमलचे ब्रशने तीन हात द्या, टर्पेंटाईन बेताने घाला, प्रत्येक हात रात्रभर सुकू द्या. फळ्यांच्या टोकांना, जिथून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, तिथे एक हात जास्तीचा. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या) कड्या काढूनच रंगवा.

केबिनवरची नक्षी आणि अक्षरं मात्र पेंटरकडून इनॅमलनेच काढून घ्या. पीयू आठवडाभर पक्का झाला आणि अक्षरांची जागा बारीक घासून घेतली की इनॅमल नीट धरतो. अक्षर चुकलंच तर ओलं असतानाच टर्पेंटाईनच्या चिंधीने पुसा, खालचा रंग हलत नाही.