‘अख्खी गॅस सिस्टिम बदलली’ म्हणून ३८० डॉलर घेतले, आणि नळीच बिघडवून दिली

ह्यूस्टनच्या आसपास स्कीटला (उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजीला) जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे जुनी रेमिंग्टन ११०० ही सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन आहे. माझी बंदूक दुरुस्तीच्या नावाखाली एका माणसाने बिघडवून ठेवली, आणि आपल्यातल्या आणखी दोघांनी बंदुका त्याच माणसाकडे दिल्यात असं कळलं, म्हणून घाईने लिहितोय.

माझ्या बंदुकीचं दुखणं नेहमीचंच होतं. बार उडायचा, पण रिकामं काडतूस बाहेर न पडता बाजूच्या खिडकीतच (काडतूस बाहेर पडायच्या फटीत) अडकायचं. या माणसाने दोन मिनिटं बघून निदान केलं: पिस्टन, सील, दस्त्यातली स्प्रिंग, सगळं गेलंय. वर भीती घातली की रेमिंग्टनचं २०२० मध्ये दिवाळं निघालंय, सुटे भाग आता मिळत नाहीत, त्याच्याकडे शेवटचा सेट आहे. दिवाळं निघालं हे खरं आहे. भाग मिळत नाहीत हे धादांत खोटं. १९६३ पासून लाखोंनी खपलेल्या या बंदुकीचे भाग इतर कंपन्याही बनवतात.

बंदूक परत आली तेव्हा काडतुसं लांब फेकली जात होती, म्हणजे काम चोख झालं असंच कुणालाही वाटेल. पण खांद्याला बसणारा धक्का वाढला होता आणि आतून धातूवर धातू आपटल्याचा आवाज यायचा. रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजाने ती उघडली. पिस्टन माझाच, त्यावरचा ओरखडा मी ओळखतो. दस्त्याच्या आतल्या बोल्टवर जुना गंज तसाच, म्हणजे स्प्रिंगला कुणी हातही लावला नव्हता. रबरी ओ-रिंग तडकलेली होती, तीही जुनीच. नवीन होतं ते एवढंच: नळीच्या खालच्या गॅसच्या भोकांच्या कडा चकाकत होत्या. त्याने ड्रिल घालून भोकं मोठी केली होती.

हे का भयंकर आहे ते सांगतो. बार उडाल्यावर थोडा गॅस त्या भोकांतून खाली येतो आणि मॅगझिनच्या (काडतुसं भरायच्या) नळीवरच्या पिस्टनला मागे ढकलतो. त्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा, उघडतो. पिस्टनच्या पुढची ओ-रिंग हा गॅस पुढच्या बाजूने निसटू देत नाही. ती वाळली की जोर कमी पडतो. काही डॉलरची रिंग बदलायची सोडून त्याने जास्त गॅस सोडला. आता प्रत्येक बाराला बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे आदळतो, आणि अशाने रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या बंदुकीच्या मधल्या सांगाड्याला) तडा जाऊ शकतो. नळी बदलावी लागेल, असं परवानाधारक गनस्मिथने (बंदूक दुरुस्त करणाऱ्याने) मला लेखी दिलंय. माझ्या वडिलांनी इथे आल्यावर हौसेने घेतलेली ही बंदूक आहे. पैशांपेक्षा त्याचाच जास्त संताप येतो.

अमेरिकेत हा धंदा करायला फेडरल परवाना लागतो. बंदूक रात्रभर दुकानात राहिली तर तिची वहीत नोंद करावी लागते. या माणसाने नोंद केली नाही, पावती म्हणून फोनवर मेसेज पाठवला. परवान्याचा नंबर विचारल्यावर फोन उचलणं बंद. कुणीही नंबर दिला तर एटीएफ या फेडरल खात्याच्या ‘एफएफएल ईझी चेक’ या वेबसाइटवर (एफएफएल म्हणजे हाच फेडरल परवाना) पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकून तो खरा आहे का ते बघता येतं. काढलेले जुने भाग हातात मागून घ्या, आणि बंदूक द्यायच्या आधी गॅसच्या भोकांचा जवळून फोटो काढून ठेवा.

ज्या दोघांच्या बंदुका तिथे आहेत त्यांनी त्या लगेच परत आणा. काम झालेलं असेल तर नळी दुसऱ्या गनस्मिथला दाखवेपर्यंत एकही बार काढू नका. मी जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावतोय. टेक्ससमध्ये वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालवता येतात. तुमच्याही नळ्यांवर ड्रिल चाललेलं असेल तर फोटो आणि त्याचे मेसेज जपून ठेवा, मला कळवा. तिघांचे पुरावे एकदम मांडू.