व्होल्वो व्ही-९० क्रॉस कंट्री: तंबोरे, औषधं आणि अनमोडचा घाट

गोव्यात मोठी डिझेल गाडी घ्यायची म्हटलं की जो तो एसयूव्हीच सुचवतो. खड्डे आहेत, पाऊस आहे, घाट आहे, मग उंच गाडीच हवी, असं सरळ गणित. आम्ही एस्टेट घेतली, म्हणजे सेदानसारखीच बुटकी, पण छत थेट मागपर्यंत नेलेली आणि मागं वर उघडणारा दरवाजा असलेली गाडी. व्होल्वोची व्ही-९० क्रॉस कंट्री, पुण्याच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड. फोंड्याहून मडगाव, पणजी, साखळी आणि महिन्या-दोन महिन्यांनी बेळगाव असा तिचा राबता आहे, आणि आमच्यासारख्या घराला याहून सोयीची गाडी नाही असं मी ठामपणे सांगते. सामान लांबट आणि नाजूक, माणसं वयस्क, जाणं-येणं अवेळी आणि वाट घाटाची, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी गाडीची ओळख. ही भारतात २०१७च्या जुलैमध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत ६० लाख रुपये होती. इंजिन १९६९ सीसीचं, चार सिलिंडरचं डी-५ डिझेल, २३५ हॉर्सपॉवर आणि ४८० न्यूटन मीटर टॉर्क. आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि ताकद चारही चाकांना. लांबी साधारण ४.९४ मीटर, म्हणजे याच कंपनीच्या एक्ससी-९० या एसयूव्हीच्या जवळपास तेवढीच, पण उंची फक्त १.५४ मीटर. तरीही पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर वर. या तीन आकड्यांतच गाडीचं सगळं मर्म आहे: लांबी मोठ्या एसयूव्हीची, छत सेदानच्या जवळपास आणि खालची मोकळीक आपल्या रस्त्यांना पुरेल अशी.

मी भूलतज्ज्ञ आहे. वेगवेगळ्या नर्सिंग होममधून बोलावणं येतं, तेव्हा माझी सामग्री माझ्याबरोबर जाते: मॉनिटर, लॅरिंगोस्कोपची पेटी, औषधांचा डबा आणि शीतपेटी. सक्सिनिलकोलीनसारखं औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाकीची औषधं फ्रिजमधली नसली तरी त्यांना एप्रिल-मे महिन्यातली बंद डिकी सोसत नाही. सेदानची डिकी म्हणजे वेगळी कोठडी, एसीचा वारा तिथं पोचत नाही. एस्टेटमध्ये मागची जागा बसायच्या जागेला जोडलेली असते. मी पुढं गारव्यात बसते तेव्हा माझा औषधांचा डबाही गारव्यातच असतो. एसयूव्हीतही हे मिळतं, मान्य आहे. पण तिथं जड मॉनिटर छातीपर्यंत उचलावा लागतो. इथं मागचा दरवाजा वर गेला की उंबरठा मांडीच्या जरा खालीच असतो. रात्री दोन वाजता, पाऊस पडत असताना, एकटीनं सामान चढवायचं असेल तर हा फरक कंबरेला कळतो.

नवरा संगीत नाटकांना पायपेटीची साथ करतो. जत्रेचे दिवस आले की आज म्हार्दोळ, उद्या डिचोली, परवा पेडण्याकडं, असं त्याचं चालतं. घडीची पायपेटी, तबला-डग्ग्याच्या पेट्या आणि दोन तंबोरे. तंबोरा पाच फुटांच्या आसपास असतो आणि त्याचा भोपळा म्हणजे वाळवून पोखरलेलं फळ. जरा धक्का बसला की तडा जातो, आणि तडा गेला की मिरजेची वारी. आधीच्या सेदानमध्ये तंबोरा मागच्या सीटवर आडवा, एका माणसाच्या मांडीवर देऊन न्यावा लागे. या गाडीत मागच्या सीटची एक बाजू पाडली की दोन्ही तंबोरे गादीवर सरळ झोपतात आणि दुसऱ्या बाजूला तबलजी निवांत बसतो. सीट उभ्या असताना मागं ५६० लिटर जागा आहे, सगळ्या पाडल्या की १५२६ लिटर. आकडे एसयूव्हीचे याहून मोठे सापडतील, पण इथली जमीन लांब आणि सपाट आहे, आणि वाद्याला हवी असते ती लांबी. आणखी एक गोष्ट नवऱ्यानं दाखवून दिली. गारव्यातून आलेला तंबोरा उतरवल्यावर लवकर लागतो, तापलेल्या डिकीतून काढलेल्याच्या तारा मात्र बराच वेळ उतरत-चढत राहतात.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, बाजाराला तर ही गाडी सगळ्या वाड्याला हवी असते. सुपारीचे आणि नारळाचे घोस, तवशी, तोरिंगणं, केळ्यांचे घड, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सगळं सामान एका फेरीत घरी येतं, तेही चेंगरल्याशिवाय.

आता इंजिन. मोठ्या टर्बो डिझेलची जुनी तक्रार अशी की उभ्या गाडीवर पॅडल दाबलं की पहिला क्षण काहीच होत नाही. धूर टर्बोच्या पात्यांपर्यंत जोरानं पोचेपर्यंत थांबावं लागतं. व्होल्वोनं यावर पॉवर पल्स नावाची युक्ती केली आहे. इंजिनजवळ दोन लिटरची हवेची टाकी आहे. छोटा कॉम्प्रेसर तिच्यात १२ बार दाबानं हवा भरून ठेवतो. गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असताना जोरात पॅडल दाबलं की ती हवा टर्बोच्या आधीच्या नळीत सुटते आणि पाती लगेच फिरायला लागतात. फर्मागुडीच्या चौकात मडगावकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये फट मिळाली की मला हे जाणवतं. गाडी रेंगाळत नाही, उडीही मारत नाही, सरळ ओढत नेते. आवाज थंड इंजिनला थोडा टकटकीत येतो. एकदा तापलं की आत बोलणं चालू असेल तर डिझेल आहे हे पाहुण्यांना सांगावं लागतं. मायलेज आमच्याकडं गावात बारा-तेरा, बेळगावच्या वाटेवर सोळा-सतरा. जवळपास दोन टनांच्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला हे उत्तम आहे.

माझं माहेर बेळगाव, त्यामुळं अनमोड आणि चोर्ला हे दोन्ही घाट माझ्या पायाखालचे. अनमोडला ट्रकांची रांग असते. वळण संपतं, समोरचं शंभर-दीडशे मीटर मोकळं दिसतं, तेवढ्यात ओलांडायचं. ४८० न्यूटन मीटर म्हणजे काय ते तिथं कळतं. गिअर एकदाच खाली येतो आणि काम होतं. चोर्ल्याची वळणं जास्त आवळलेली. तिथं उंच गाडी डोलते आणि मागं बसलेल्यांच्या पोटात ढवळतं. या गाडीचं वजन खाली आहे, म्हणून ती वळणात कलत नाही. माझ्या धाकट्याला आधीच्या एसयूव्हीत कणकुंबी येईपर्यंत हमखास उलटी व्हायची. या गाडीत तो झोपतो. पावसाळ्यात चोर्ल्यावर धुकं उतरलं की दहा फुटांपुढचं दिसत नाही. तेव्हा मी गाडीच्या कुठल्याच इलेक्ट्रॉनिक हुशारीवर भिस्त ठेवत नाही, वेग उतरवते. पण मोल्याच्या अभयारण्यातून रात्री येताना दिव्यांचा झोत वळणाबरोबर वळतो आणि रस्त्याकडेला उभा असलेला गवा वेळेवर दिसतो, याची मला मनापासून किंमत आहे. स्वीडनमध्ये रस्त्यावर मूस येतो, हरणाच्या जातीचं पण बैलाहून मोठं जनावर. तिथल्या माणसांनी बनवलेल्या गाडीला गव्याचं नवल नाही.

सासूबाईंचं वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. सेदानमध्ये त्यांना खाली बुडावं लागे आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागे. एसयूव्हीत पाय वर टाकून चढावं लागे. इथं सीट साधारण खुर्चीच्या उंचीला येते. दरवाजा उघडायचा, टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. "चढणं नाही, उतरणं नाही, हे बरं केलंस," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पुढच्या सीट तर माझ्या मते या गाडीतली सगळ्यात चांगली गोष्ट. रात्रभराच्या केसेसनंतर मडगावहून परतताना पाठ दुखत नाही, एवढंच सांगते.

अडचणीही आहेत. फोंड्याच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्यांत जवळपास पाच मीटरची गाडी वळवणं म्हणजे घाम. पार्किंगला जागा मिळाली तरी शेपटी बाहेर राहते. मागं मधल्या सीटवर मोठं माणूस बसवू नये, कारण खालून चारचाकी ड्राइव्हचा उंच बोगदा जातो आणि पाय कुठं ठेवावेत कळत नाही. एसी कमी-जास्त करायलाही पडद्यावरच बोट फिरवावं लागतं. चालत्या गाडीत, ओल्या हातांनी, मला साधं गोल बटण हवं होतं. टायरची बाजू बुटकी आहे, काम चालू असलेल्या रस्त्यावर खड्डा जपूनच घ्यावा. आमचा एक टायर असाच कापला आणि त्या मापाचा दुसरा गोव्यात लगेच मिळाला नाही. एस्टेटची पाठ उभी असल्यामुळं मागं हवेचा भोवरा होतो आणि तांबडी माती काचेवर येऊन बसते. मागचा वायपर आहे म्हणून निभावतं, पण पाण्याची टाकी भरलेली ठेवा.

२१० मिलिमीटरचा खरा उपयोग फेरीबोटीवर होतो. दिवाडीला जाताना ओहोटी असली की धक्का आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो, तिथं बऱ्याच सेदानचं पोट घासतं. आमचं घासत नाही. पुढचं नाक मात्र लांब आहे, म्हणून फळीवर चाक चढेपर्यंत अगदी हळू.

भारतात एस्टेट चालत नाही, हे बाजारानं पुन्हा पुन्हा दाखवलंय. टाटा एस्टेट १९९२ची, मग बलेनो अल्टुरा, मग इंडिगो मरीना. एकही टिकली नाही, आणि मला याचं वाईट वाटतं, कारण ज्यांना ही गाडी शोभली असती त्यांनी ती चालवूनच पाहिली नाही. डिझेलचंही तेच. व्होल्वोनं २६ मार्च २०२४ रोजी स्वीडनमधल्या टोर्सलांडा कारखान्यातून आपली शेवटची डिझेल गाडी काढली. म्हणजे नवी अशी गाडी आता मिळणारच नाही, जुन्यांतूनच शोधायची.

शोधणाऱ्यांनी एवढं बघा. सर्व्हिसची सगळी कागदपत्रं मागा. या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, साखळी नव्हे, आणि तो तुटला तर इंजिन गेलं, म्हणून कधी बदलला ते लिहिलेलं हवं. मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या हाल्डेक्स कपलिंगचं तेल बदललंय का तेही विचारा, बरेच मालक ते विसरतात. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांचे नियम कडक असल्यानं तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. पण एनओसी, इथली नोंदणी आणि गोव्याचा रोड टॅक्स धरूनच भाव ठरवा. आणि रोजचं जाणं-येणं दोन-तीन किलोमीटरच्या आतलं असेल तर ही गाडी घेऊ नका. डिझेलला तापायला वेळ लागतो, आणि एवढ्याशा वाटेत ते तापतच नाही.