बाबांच्या डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा: कऱ्हाडमधील एका सल्ला कार्यालयाचा अनुभव

माझे वडील पायदळातून 2006 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने (सेवेतून बाहेर पडताना तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) त्यांच्या उच्च रक्तदाबाचे अपंगत्व 30 टक्के आणि कायमचे ठरवले, मात्र हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारल्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शन नाकारण्यात आली. ते पत्र अनेक वर्षे ट्रंकेत पडून होते. गेल्या वर्षी आम्ही कऱ्हाडमधील एका छोट्या कार्यालयात गेलो. एक निवृत्त सुभेदारसाहेब दोन सहकाऱ्यांसह माजी सैनिकांचे असे दावे तेथे तयार करून देतात. जाहिरात नको, असे त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे कार्यालयाचे नाव येथे देत नाही. अशी मदत घ्यायची असेल तर तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी बाबांची हकिगत ऐकण्याआधी कागद मागितले. डिस्चार्ज बुक (सेवेची नोंद असलेली पुस्तिका), पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि नकाराचे पत्र आमच्याकडे होते, पण मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत नव्हती. ती नसताना अपिलाचा एक शब्दही लिहिणार नाही, असे सुभेदारसाहेबांनी स्पष्ट सांगितले आणि 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अभिलेख कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायला लावला. त्या वेळी मला हे वेळकाढूपणाचे वाटले होते. प्रत हाती आल्यावर त्यांचा आग्रह किती योग्य होता, ते कळले.

त्या कागदावर, सेवेत दाखल होण्यापूर्वी हा आजार होता का, या प्रश्नापुढे बोर्डानेच 'नाही' असे लिहिलेले होते. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिलेल्या निकालाचा आधार नेमका येथेच लागतो: भरतीच्या वेळी सैनिकाच्या नोंदीत आजाराचा उल्लेख नसेल, तर नंतर उद्भवलेला आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नव्हे, तर लष्करावर येते. बोर्डाने नकाराचे कारण एका ओळीत दिले होते: आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणी झाली. सुभेदारसाहेबांनी डिस्चार्ज बुकातील नेमणुका तारखांसह एका तक्त्यात मांडल्या, तेव्हा दिसले की रक्तदाबाची पहिली नोंद बाबा काश्मीरमधील कुपवाड्याहून परतल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी झाली होती आणि त्याआधीची सलग वर्षे फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरील किंवा कारवाईच्या भागात गेली होती. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही फील्ड आणि अतिउंच भागातील दीर्घ सेवेने रक्तदाब वाढतो का, हे काळजीपूर्वक पाहावे, असे सांगितले आहे. माझ्या मते या कार्यालयाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे हा एक पानाचा तक्ता. नकाराचे एका ओळीचे कारण किती तोकडे आहे, हे तो पाहताच कळते.

त्यानंतर त्यांनी बाबांशी जवळजवळ तीन तास बोलणे केले. कुपवाड्यात डोके दुखायचे तेव्हा एमआय रूममध्ये (पलटणीच्या दवाखान्यात) गेला होतात का, कोणती गोळी दिली, सोबत कोण होते, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. तक्रार करायची नसते, या शिस्तीत बाबांचे आयुष्य गेल्यामुळे यातले कितीतरी मी त्या दिवशी प्रथमच ऐकले, आणि पलटणीतल्या माणसानेच विचारल्यामुळे ते बोलले, याबद्दल मी त्या कार्यालयाची कायमची ऋणी आहे.

पैशांच्या बाबतीतही त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. 100 टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के हे प्रमाण धरले, तर बाबांच्या 30 टक्के अपंगत्वाला वेतनाच्या 9 टक्के होतात. पण 50 टक्क्यांखालील अपंगत्व 50 धरण्याची जी सवलत राम अवतार प्रकरणातील 2014 च्या निकालाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली, तिच्यामुळे तेच 15 टक्के होतात. मात्र उशिरा केलेल्या दाव्यात थकबाकी साधारणपणे अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. शेजारी बसलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका जवानालाही, 21 सप्टेंबर 2023 पासूनचे नियम वेगळे असल्याने बाबांच्या प्रकरणावरून स्वतःचा अंदाज बांधू नकोस, असे त्यांनी सांगितले.

एक चूक मात्र गंभीर होती. प्रतिज्ञापत्राच्या पहिल्या मसुद्यात बाबांनी सियाचीनमध्ये सेवा केल्याचे लिहिले होते. बाबा सियाचीनला कधीच गेलेले नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तरी प्रकरणातला परिच्छेद तसाच राहून गेला होता. मी इंग्रजी मसुदा बाबांना मराठीत वाचून दाखवत होते म्हणून तो सापडला. शपथेवर खरे म्हणून सही करायच्या कागदात असे व्हायला नको होते, कारण एका खोट्या ओळीने बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. सुभेदारसाहेबांनी चूक लगेच मान्य केली आणि संपूर्ण मसुदा नव्याने लिहिला, तरीही सही करण्यापूर्वी प्रत्येक मसुदा अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवण्याची पद्धत त्यांनी घालून घ्यावी, असे मी त्यांना सांगितले आहे. काम कुठपर्यंत आले, हे दर वेळी आपणच फोन करून विचारावे लागते, हीही एक अडचण आहे.

दावा तयार करण्याचे त्यांनी 4,000 रुपये घेतले आणि पावती दिली. थकबाकीतला वाटा मागणारे मध्यस्थ आम्हाला आधी भेटले होते, म्हणून ठरावीक रक्कम घेण्याची ही रीत मला विशेष महत्त्वाची वाटते. पहिले अपील फेटाळले गेल्यावर, पुढचे काम वकिलाचे आहे, असे सांगून त्यांनी संपूर्ण फाइल पृष्ठक्रमांक घालून आमच्या हाती दिली. सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आता अर्ज दाखल आहे, आणि वकिलांनी त्या फाइलमध्ये एकाही कागदाची भर घालायला सांगितली नाही.

तेथे जाणाऱ्यांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि नकाराचे पत्र यांच्या दोन-दोन प्रती न्याव्यात, लष्करी रुग्णालयाची जुनी चिठ्ठी कितीही फाटलेली असली तरी सोबत ठेवावी, आणि शक्यतो सकाळी जावे. दुपारनंतर गर्दी असते आणि घाईत बोलणे नीट होत नाही.