किल्ली काढली तरी बंद न होणारी गाडी: मर्सिडीज 240डी, सात महिन्यांनंतर

किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली, दार लोटलं आणि चार पावलं चाललो, तर मागून टक-टक-टक सुरूच. वाटलं, आपलंच काही चुकलं. परत गेलो, किल्ली घातली, फिरवली, काढली. टक-टक-टक. किल्ली माझ्या हातात, गाडीत कुणी नाही आणि इंजिन आपलं निवांत चाललंय. शेवटी आत बसलो, चौथा गिअर टाकला, ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो आणि क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि गप्प झाली. घरी येईपर्यंत या गाडीबद्दल काय काय लिहायचं ते मनात तयार होतं आणि त्यात चांगलं काहीच नव्हतं.

तो राग आता उतरलाय. पण ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहितो.

गाडी म्हणजे मर्सिडीजची 123 मालिका, 240डी, 1983 सालची, हाताचे गिअर. बाकीचे आकडे ज्यांना हवेत त्यांना ते पाठच असतात. 1976 मध्ये आलेली ही मालिका साधारण दहा वर्षं बनत राहिली, सगळे प्रकार मिळून सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या, आणि ‘आजवरची सर्वांत दणकट गाडी कोणती’ हा वाद जिथे निघेल तिथे हिचं नाव निघतंच. मीही त्या वादाला भुलूनच घेतली. पण मूळ कारण वेगळं होतं.

आधीची गाडी जेमतेम सहा वर्षांची होती. नाव घेत नाही. एके सकाळी तिचा मधला पडदा काळा पडला तो पडलाच. त्याच्याबरोबर एसी गेला, मागचा कॅमेरा गेला, काचेवरचं धुकं घालवणारा पंखा गेला, कारण यातल्या कशालाही स्वतःचं बटण नव्हतं. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, हे रिपेअर होत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागतं." मी म्हटलं, अरे, आत एखादी वायर ढिली झाली असेल, उघडून तरी बघ. "आम्हाला उघडायची परवानगी नाही सर." तीन फेऱ्या, दोन लेखी तक्रारी, एक जोराचं भांडण. युनिटची किंमत ऐकल्यावर भांडणातही दम राहिला नाही. गाडी विकली आणि हट्टाने अशी गाडी शोधली जिच्यात पडदाच नाही.

सात महिन्यांत 11,400 किलोमीटर झाले. चांगलं आधी सांगून टाकतो, कारण ते सगळ्यांना माहीतच आहे. दार लागतं तेव्हा तिजोरीचं वाटावं असा आवाज येतो. सीटचं नकली कातडं टॅक्सीवाल्यांसाठी केलेलं असावं इतकं चिवट आहे, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. खड्ड्यातून गाडी अशी जाते की खड्डाच ओशाळावा. अ‍ॅव्हरेज बाराच्या आसपास. पिकअप नाही. नाही म्हणजे नाहीच. शंभराचा वेग गाठायला हिला 20 सेकंदांहून जास्त लागतात हे कंपनीचेच आकडे सांगतात. चढावर चार माणसं आणि सामान असेल तर मागे ट्रकवाला हॉर्न देतो आणि त्याचं चुकत नाही. ओव्हरटेक करताना मी आधी समोर बघतो, मग आरशात आणि मग विचार सोडून देतो.

आता मुद्द्याचं. पेट्रोल इंजिन बंद करायचं तर ठिणगी तोडली की झालं. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. हवा सुमारे 21 पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की आत आलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून डिझेल येतंय तोवर इंजिन चालतं, मग किल्ली कुठे का असेना. हल्लीच्या गाड्यांत डिझेल विजेच्या वॉल्व्हने तोडतात. या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतं, म्हणजे हवा काढून घेतल्यावर तयार होणारी ओढ. इंजिनावर एक व्हॅक्यूम पंप आहे. किल्ली फिरवली की एक छोटा वॉल्व्ह उघडतो, पंपाची ओढ पातळ नळीतून डिझेल पंपाच्या मागच्या रबरी पडद्यापर्यंत पोचते, पडदा आतली पट्टी खेचतो आणि डिझेल तुटतं. ओढ कमी पडली तर पडदा हलत नाही आणि गाडी बंद होत नाही.

याची सोयही करून ठेवलेली आहे. बोनेट उघडलं की इंजिनावर ‘स्टॉप’ असं लिहिलेला एक दांडा दिसतो. तो दाबून धरायचा, इंजिन थांबतं. बस.

पहिल्या मेकॅनिकने दांडा दाखवला आणि लगेच म्हणाला, "डिझेल पंप उतरवावा लागेल." खर्चाचा अंदाज त्याने कागदावर न लिहिता माझ्या कानाजवळ येऊन सांगितला, त्यावरून काय ते समजलो. मी मूळचा चिकट माणूस. म्हटलं, बोट शाबूत आहे तोवर पंप कशाला उतरवायचा? आणि दोन महिने मी ही गाडी बोनेट उघडून बंद केली. पावसात, लग्नाच्या हॉलबाहेर, पेट्रोल पंपावर. पेट्रोल पंपावरचा पोरगा दर वेळी विचारायचा, "काका, गरम झाली का?" बायकोने माझ्याबरोबर बाहेर जाणं कमी केलं. एकदा म्हणाली, "अहो, लोक गाडी चालू होत नाही म्हणून ढकलतात. आपली बंद होत नाही म्हणून आपण उभे!"

या दोन महिन्यांत माझं मत पक्कं झालं होतं आणि ते मी लिहूनही ठेवलं होतं: गाडी दणकट आहे, पण बनवणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकाच पंपाच्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर (ब्रेक दाबायला हलका करतो तो), दारांचं सेंट्रल लॉक आणि इंजिन बंद करणं, ही तिन्ही कामं कोण टाकतं? हे वाक्य मी आता खोडत नाही, ठेवतो. पुढे त्याचं काय झालं ते बघा.

पाचव्या महिन्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे टॅपेट सेट करायला, म्हणजे इंजिनातल्या वॉल्व्हची फट नीट करून घ्यायला, गाडी नेली. (या इंजिनाचे टॅपेट ठरावीक अंतराने हाताने सेट करावे लागतात. 14 नंबरचे पाने आणि फट मोजायचा फीलर गेज लागतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी ही गाडी घेऊ नये, घेतली तर कुरकुरू नये.) काम झालं, मी दांडा दाबायला पुढे सरकलो. मिस्त्रींनी हात धरला. "हे कशाला?" मी कहाणी सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "दारं चारही लागतात का किल्लीने?"

मागचं डावं दार लागत नव्हतं. पहिल्या दिवसापासून. मी ते आतून हाताने लावत होतो आणि जुन्या गाडीचा स्वभाव म्हणून सोडून देत होतो.

मिस्त्रींनी हातपंप आणि व्हॅक्यूमचा काटा काढला. दारांकडे जाणारी नळी सोडवली, तिच्या तोंडात एक स्क्रू खुपसला, मला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन थांबलं. तत्क्षणी. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग एकेक दार वेगळं करत गेले. मागच्या डाव्या दाराचं आतलं कव्हर काढलं तर आत एक स्पीकर. कुण्या आधीच्या मालकाच्या काळात कुण्या पठ्ठ्याने स्पीकरला जागा व्हावी म्हणून व्हॅक्यूमची नळी कापली होती आणि चिकटपट्टी गुंडाळून परत जोडली होती. पट्टी वाळून कडक झाली होती. तिथून हवा आत जात होती, म्हणून इकडे पुढे इंजिन थांबत नव्हतं.

डाव्या दारात चिकटपट्टी, म्हणून इंजिन बंद होत नाही. हे वाक्य मी चार दिवस स्वतःशी म्हणत हसत होतो.

बोटभर रबरी नळी लागली. बिलावर टॅपेटचे पैसे होते, नळीचे मिस्त्रींनी लावलेच नाहीत. ज्याने डिझेल पंप उतरवायला सांगितलं त्याच्याकडे मी परत गेलो नाही. जायला हवं होतं, नळीचा तुकडा दाखवायला.

आता तो डोक्याचा मुद्दा. एका पंपावर तीन कामं टाकली म्हणून मी शिव्या दिल्या होत्या. पण त्यामुळेच दाराने इंजिनाची चुगली केली. शिवाय ब्रेकच्या फांदीवर एकतर्फी वॉल्व्ह आहे, म्हणून इतकी गळती असूनही ब्रेक कधी कडक झाले नाहीत. आणि नळ्या, जोड, रबरी पडदे सगळे हाताला लागतात, एकेक सोडवून तपासता येतात. बोनेटसुद्धा सरळ काटकोनात उभं राहतं, म्हणजे आत वाकून काम करता येतं. कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी कागद घेऊन बसून विचार केला होता की हे कधीतरी बिघडेल आणि कुणालातरी दुरुस्त करावं लागेल. आधीच्या गाडीच्या पडद्यामागे असा विचार कुणी केला नव्हता. किंवा केला असेल आणि नको म्हणून खोडला असेल.

म्हणून ‘सर्वांत दणकट गाडी कोणती’ या सनातन वादाबद्दलही माझं मत बदललं. लोक पत्रा किती जाड, लोखंड कसलं, यावर भांडतात. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रेगोरियोस साखिनिदिस यांनी 1976 सालच्या 240डीवर 46 लाख किलोमीटर काढले, 2004 मध्ये कंपनीने ती गाडी आपल्या संग्रहालयासाठी घेतली. माझ्या गाडीच्या आधीची पिढी, इंजिन त्याच घराण्यातलं. हे ऐकून सगळे मान डोलावतात. पण त्या गाडीत इंजिनं पुन्हा पुन्हा बदलली होती, एक उतरवायचं, दुरुस्त करायचं, दुसरं चढवायचं. हे सांगितलं की काहींचा चेहरा पडतो, जणू फसवणूक झाली. मला उलट वाटतं. इंजिन उतरवून, खोलून, परत चढवण्यासारखं होतं म्हणूनच 46 लाख झाले.

दुसरं टोक म्हणजे अमेरिकेतले शिक्षक अर्व्ह गॉर्डन. 1966 ची व्होल्वो पी1800, 2013 मध्ये 30 लाख मैलांचा टप्पा, पुढे 2018 मध्ये ते गेले तोवर 32 लाखांच्या वर. म्हणजे 50 लाखांहून जास्त किलोमीटर. त्यांचं नोकरीला जाणं-येणंच रोज दोनशेएक किलोमीटर. तापलेलं इंजिन एका लयीत चालत राहिलं तर फारसं झिजत नाही. जास्त झीज होते ती थंडगार इंजिन सुरू करून दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाण्याने. टॅक्सी आणि हा मास्तर, दोघांच्या गाड्या थंड व्हायला वेळच नव्हता. तेव्हा हे विक्रम गाडीचे किती आणि मालकाचे किती, हा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस भाजीच आणते, मला कसला विक्रम होणार?

टोयोटाची लँड क्रूझर 70 मालिका 1984 पासून आजही नवी बनते, तिचे चाहते मला आता शिव्या देतील की तिच्यावर एकच वाक्य लिहिलं. हो, एकच लिहिलं. ती माझ्याकडे नाही.

ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका, तो ट्रॅक्टरसारखाच असतो आणि तसाच असायला हवा. खाली वाका आणि जॅक लावायच्या जागा, पुढच्या मडगार्डची आतली बाजू टॉर्च मारून बघा. इंजिन मरत नाही हे खरं, पण गंजलेल्या पत्र्यात ते न मेलेलं इंजिन घेऊन करायचं काय? आणि किल्ली काढल्यावर इंजिन किती सेकंदांनी थांबतं ते मोजा. एकदोनच्या वर गेलं तर भाव करा.

सातवा महिना. गाडी किल्लीने बंद होते, चारही दारं किल्लीने लागतात. कधीकधी सवयीने मी अजून बोनेट उघडतो आणि मग उगाच ऑइल बघितल्यासारखं करतो. मागच्या डाव्या दारातला स्पीकर वाजत नाही. मिस्त्री म्हणाले, "वायर सुटलीय, पाच मिनिटांचं काम आहे, जोडू का?" मी नको म्हटलं.