बेटावरचा फ्लू: लक्षणं मोजायची की स्वॅब तपासायचे?

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेलं 'तालुने' जहाज पॅसिफिकमधल्या पश्चिम सामोआच्या आपिया बंदराला लागलं आणि तिथली सुमारे २२ टक्के लोकसंख्या फ्लूने गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी जहाजं अडवली, तिथे एकही बळी नाही. बेटावर साथ बंदरातून येते, म्हणून ती किती लवकर कळते यावर सगळं ठरतं.

लक्षणमोजणी स्वस्त आणि वेगवान. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, खोकला, सुरुवात गेल्या १० दिवसांत. असे रुग्ण दवाखान्याने दर आठवड्याला मोजून कळवायचे. पॅसिफिकमधली बेटं २०१० पासून साधारण असंच करतात. पण आकडा विषाणूचं नाव सांगत नाही. कोविड, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) हेही त्यातच मोजले जातात. शिवाय परिचारिका रजेवर गेली की आलेख खाली येतो, आणि तो साथ ओसरल्यासारखा दिसतो! म्हणून 'शून्य रुग्ण' आणि 'अहवाल नाही' या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

स्वॅब-पीसीआर, म्हणजे नाका-घशातल्या नमुन्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, फ्लूचा प्रकार आणि उपप्रकार सांगते. अडचण वाहतुकीची. नमुना शक्यतो आजाराच्या पहिल्या ३-४ दिवसांत घेऊन वाहतूक-द्रवात (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात), २ ते ८ अंशांवर ठेवायचा. ७२ तासांत प्रयोगशाळा गाठता येत नसेल तर उणे ७० अंश लागतात. साध्या फ्रीजरमध्ये, उणे २० ला, ठेवू नये. विषाणू तग धरत नाही. विमान चुकलं की नमुना वाया.

लहान बेटाने आधी मोजणी पक्की करावी. आकडा नेहमीच्या पातळीच्या वर गेला की मोजकेच स्वॅब पाठवावेत.